दोरावर सांडलेली मोहाची

माझी नात चंद्रपूरच्या कॉलेजात पहाड चढायला शिकते. मागच्या महिन्यात ती तोंड एवढंसं करून घरी आली. पिशवीत थंड पेयाची बाटली फुटली होती आणि ते नारिंगी गोड पाणी तिच्या नव्याकोऱ्या दोरावर सांडलं होतं. "आबा, दोर गेला का हो?" म्हणत तिनं सगळं भेंडोळं माझ्या मांडीवर आणून टाकलं. घरातले बाकीचे हसायला लागले. एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी डोळ्यांत पाणी आणतं का, म्हणे! मला नाही हसू आलं. दोरावर काय सांडलं याची धास्ती ज्याला वाटते, त्याच्या हाती दोर द्यायला हरकत नाही, असं माझं आजही मत आहे.

मी तिला म्हटलं, "साध्या पाण्यानं धू. पिळू नको. सावलीत वाळव. मंग एक एक हात चाचपून पाह्य." तुमच्या नायलॉनचं मला फारसं कळत नाही. पण सण-तागाचा, अंबाडीचा आणि मनिला म्हणतात त्या विलायती वाखाचा दोर मी उभ्या हयातीत सांभाळला आहे. दोरावर काय सांडलं की काय होतं, हे एटापल्लीच्या जंगलात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. त्या समजुतीनं एका माणसाचं काय होऊन बसलं असतं, ते आज सांगून टाकतो. एवढी वर्षं ते मी घरातसुद्धा धड सांगितलेलं नाही.

आम्ही धीवर. चामोर्शीच्या बाजूला, वैनगंगेच्या काठचे. बाप जाळी विणायचा, मी सूत कातायचो. पन्नास साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हा एटापल्लीजवळच्या सूरजागडच्या पहाडाच्या अंगाला लोखंडाचा दगड तपासायला एक सरकारी पार्टी आली. तिला दोर सांभाळणारा माणूस हवा होता. साहेबांनी विचारलं, "गाठी मारता येतात का?" मी आठ तऱ्हेच्या मारून दाखवल्या. नववी त्यांच्याच बुटाच्या नाडीला मारली, ती काही त्यांना सुटेना. शेवटी हसत हसत म्हणाले, "सोड बाबा, तुला ठेवला." हे सबनीससाहेब नागपूरचे, वयानं माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, आणि माणूस म्हणून भले. अशा तऱ्हेनं मी दोरवाला झालो.

काम सांगायला सोपं होतं. साहेबांना कड्याच्या पोटातला दगड पाहिजे असायचा. खालून तिथं हात पोचत नाही, म्हणून माणूस वरून दोरानं उतरवायचा. त्यानं हातोडीनं तुकडे पाडायचे, नंबर घातलेल्या पिशव्यांत भरायचे, आणि आपण त्याला पुन्हा वर घ्यायचं. कड्यावरच्या झाडाला दोराचे दोन वेढे असायचे आणि त्याचं टोक माझ्या हातात. खालचा माणूस "ढिल्ला" म्हणाला की सोडायचं, "बस" म्हणाला की धरायचं. दिवसभरात एवढेच दोन शब्द ऐकायचे, पण कान मात्र दुसरीकडे जाता कामा नये.

दोर म्हणजे तीन पेड एकमेकांवर पीळ देऊन वळलेले. वरून तो राजासारखा दिसतो आणि आतून कुजलेला असतो, म्हणून वरून पाहून उपयोग नाही. दोन्ही अंगठ्यांनी पीळ उलटा फिरवायचा, पेड उघडायचे आणि पोटात पाहायचं. मग वास घ्यायचा. चांगल्या दोराला भाताच्या वाळल्या तणसाचा वास येतो. मी रोज सकाळी दोन्ही दोर असे हुंगत बसायचो. आचारी म्हणायचा, "कवडूभाऊले चहा नाई लागत, दोर हुंगला का झालं."

हा आचारी म्हणजे माझा पहिला दुश्मन. त्यानं एकदा गुळाच्या चहाची अख्खी किटली दोरावर लवंडली आणि वर मलाच विचारतो, "चहाच हाये ना, आगीचा निखारा थोडीच पडला?" अरे बाबा, चहानं दोर तुटत नाही, पण गोडाला मुंग्या लागतात आणि उंदीर येऊन कुरतडतो. धुतलं की भागतं. ताक सांडलं तर बुरशी धरते, म्हणून ते त्याच घटकेला धुवायचं. खरा वैरी म्हणजे ट्रकच्या बॅटरीतलं पाणी. ते एकदा ड्रायव्हरच्या हातून जुन्या दोरावर उडालं. डाग दिसेना, वास येईना, आणि चार दिवसांनी दोर हातात धरला तर तिथं भिजल्या कागदासारखा सुटून आला. मी तो दोर कुऱ्हाडीनं तोडूनच टाकला. साहेब आधी रागावले, मग तुटलेलं टोक त्यांनी स्वतः बोटांनी चुरगाळून पाहिलं. त्या दिवसापासून दोराच्या बाबतीत पार्टीत माझा शब्द शेवटचा झाला, आणि माझ्या डोक्यात हवा गेली ती तेव्हापासून.

कड्यावरून उतरायचा तो लालसू. जवळच्या गावचा माडिया, अंगानं बारकुळा, माझ्याच वयाचा. पहाडाच्या कपारीतलं आग्या मोहोळ काढणारा म्हणून सगळ्या मुलखात त्याचं नाव होतं. पायाची बोटं तो दगडाच्या फटीत अशी रोवायचा की पाहणाऱ्याला वाटावं, दगडानंच त्याला धरून ठेवलंय. त्याची बायको जैनी रोज त्याच्याबरोबर यायची. मराठीचे तिला चार शब्द यायचे आणि मला त्यांच्या माडिया बोलीचे तेवढेच. पण वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यातून ती आंबील आणायची, त्यात माझा वाटा असायचा, आणि तो ती न विचारता पुढे करायची.

तिच्याजवळ आणखी एक लहान तुंबा असायचा, मोहाच्या दारूचा. लालसू कड्याच्या काठाशी बसला की ती पानाच्या द्रोणात थोडी दारू घ्यायची, झाडाच्या मुळाशी थेंब टाकायची, आणि मग सरळ माझ्यापुढे येऊन माझ्या हातांवर आणि हातातल्या दोरावर धार धरायची. पहिल्या दिवशी मी ओरडलोच, "ओ बाई! हे काय करून राह्यली? सरकारी दोर हाये!" ती हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लालसूला सांगितलं तर म्हणाला, "टाकू दे ना, भाऊ. तिचं काम हाये ते." मी ओळखलं, देवाचं काहीतरी असेल. मग मी एक ओलं फडकं कमरेला खोचून ठेवायला लागलो. तिनं धार धरली की लगेच दोर पुसायचा, हात पुसायचे, आणि मगच दोर सोडायचा. आणि संध्याकाळी तंबूसमोर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचं, "ही मोहाची एक दिवस दोर खाऊन टाकते, पाहजा तुम्ही." मोहाच्या दारूनं दोर सडतो हे मला कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. पण बॅटरीच्या पाण्याचं माझं खरं ठरलं होतं ना, मग हेही खरंच!

पहिला हंगाम संपत आला. पावसाळ्याचे चार महिने दोर गुदामात पडणार होते. चहा, ताक, दारू, काय काय मुरलंय त्यात, म्हणून माझा जीव लागेना. तेव्हा मला बापाची रीत आठवली. आमच्याकडे नवं जाळं ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवतात. लाल तांबूस रंग चढतो आणि जाळं पाण्यात कुजत नाही. मी दोन दिवस साली काढल्या. घरी हा काढा मातीच्या रांजणात करतात. कॅम्पात रांजण कुठला? डांबराचं लोखंडी पिंप अर्धं कापलेलं पडलं होतं, आतून गंजलेलं, त्यातच उकळला. पिंपात एकच दोर मावला, दुसरा तसाच राहिला. बाहेर काढला तर दोर तांबूस नाही, काळाभोर झालेला. मला वाटलं, वा! बापापेक्षा माझा काढा कडक उतरला. साहेबांनाही मी तो मिरवून दाखवला. "पाहा साहेब, आता यावर समुद्र सांडला तरी काई होत नाई." साहेब दगडाच्या पेटाऱ्या मोजण्यात होते, मान हलवून पुढे गेले.

दुसऱ्या हंगामात मी काळा दोरच जास्त वापरायचो. माझा लाडका झाला होता ना तो! पेड उघडून पाहायचो तर आत काळं. रंगच काळा, तर त्यात काय दिसणार? वासही काढ्याचाच यायचा. म्हणजे ज्या दोन खुणांवर मी दोर ओळखायचो, त्या दोन्ही मीच पुसून बसलो होतो, आणि त्याचा पत्ता मला नव्हता.

फाल्गुन चालू होता. जंगलात मोह गळायला लागला होता. लालसू चाळीस हात खाली होता, त्याच्या हातोडीचा आवाज येत होता. जैनी माझ्यामागे बसून पानं शिवत होती. एकाएकी तड् असा आवाज झाला. पाहतो तर झाड आणि काठ यांच्या मधोमध, माझ्या डोळ्यांसमोर, दोराचा एक पेड तुटून उलगडत चालला होता. उरलेले दोन ताणून बोटाएवढे झालेले. अरे बाप्पा! मी हातातलं टोक सोडून पुढे झेप घेतली, तुटक्या जागेच्या पलीकडे दोर दोन्ही मुठींत धरला आणि काठाजवळच्या दगडाला पाय लावून आडवा पडलो. त्याच घटकेला दुसरा पेड गेला, तिसरा गेला. सगळा भार माझ्या हातांवर. दोर वीतभर सरकला, आणखी वीतभर, तळहाताची साल निघाल्याचं मला कळत होतं. मागून जैनीनं माझी कंबर कवटाळली आणि टाचा रोवल्या. 

खाली लालसू शहाणा. झटका बसताच तो दगडाला पालीसारखा चिकटला आणि फटीत बोटं रोवली. अर्धा भार त्यानं स्वतःच घेतला, नाहीतर माझ्यानं कुठला धरवतो? पार्टीचे खलाशी, म्हणजे सामान वाहणारे गडी, धावत आले, काढा न दिलेला पांढरा दोर खाली सोडला, लालसू त्यावर आला. वर येऊन बसला आणि पहिल्यांदा त्यानं काय पाहिलं असेल, तर माझे हात. मग जैनीकडे पाहून माडियात काही बोलला. तेव्हा कुठे ती रडायला लागली.

साहेब आले, तुटकी टोकं पाहिली. कोणी काही विचारायच्या आत आचारी बोलला, "कवडूभाऊ दोन वर्षांपासून सांगून राह्यला होता, का मोहाची दोर खाते म्हणून!" सगळ्यांनी माना हलवल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहत होतो. हातांवर मलमाच्या पट्ट्या बांधल्या जात होत्या, ते एक बरं निमित्त झालं. साहेब लालसूला म्हणाले, "उद्यापासून दारू आणायची नाही. आणि सध्या तू घरीच राहा." लालसू उठून गेला. त्याचा चेहरा मला समजला नाही. मला वाटलं, घाबरलाय.

तिसऱ्या दिवशी जैनी एकटी कॅम्पात आली. माझ्या पट्ट्यांकडे बघत उभी राहिली आणि मग तिनं विचारलं, "दोरवाला, खरं सांग. माह्या हातच्या दारूनं तुटला का?" तिच्या मोडक्यातोडक्या बोलण्यातून मला हळूहळू उलगडलं ते असं. तिनं वाहिलेली धार आणि तीच दोर खाऊन गेली, म्हणजे देवानं ती नाकारली, असं गावच्या पुजाऱ्याचं म्हणणं पडलं होतं. ज्याच्यासाठी वाहिलेली धार नाकारली गेली तो पुन्हा कड्यावरून उतरत नाही. मधाला नाही, दगडाला नाही, कशालाच नाही. लालसूनं मोहोळ काढायची सगळी हत्यारं घराच्या आढ्याला टांगून ठेवली होती. तीन दिवस तो अंगणात नुसता बसून होता. कड्यावरून उतरणं सोडलं तर त्या माणसाजवळ दुसरं होतं काय?

आणि मी तिला काय सांगावं? मी म्हणालो, "दोरच तो, बाई. काय सांगता येते?" ती वळली आणि गेली. आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन, पण असं नीच वाक्य माझ्या तोंडून दुसरं गेलं नाही. कारण तोवर माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पांढऱ्या दोरावरही तिनं दोन हंगाम दारू वाहिली होती, आणि तो तर शाबूत होता!

मी उठलो आणि गुदामात गेलो. पट्ट्या बांधलेल्या हातांनी काळा दोर टोकापासून टोकापर्यंत उघडून पाहिला. जे टोक कधी झाडाजवळही आलं नव्हतं, जिथं दारूचा थेंब उडणं शक्य नव्हतं, तिथंही आतून काळी भुकटी पडत होती. पांढरा उघडला, तर वाळल्या तणसाचा वास. तेव्हा मला माझी माय आठवली. ती काळ्या लुगड्याला नेहमी नावं ठेवायची. रंगारी साल आणि गंजकं लोखंड घालून काळा रंग काढतो, ते लुगडं सगळ्यात आधी फाटते, म्हणायची.  ऐनाच्या सालीनं नाही, मोहाच्या दारूनं नाही, त्या गंजक्या पिंपानं लालसूचा जीव जवळजवळ घेतला होता. आणि पिंप तर मीच चुलीवर चढवलं होतं.

साहेबांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जुनी शाई अशीच करतात, कवडू. लोखंड आणि साल. तीही कागद खाते. मला तेव्हाच दिसायला हवं होतं." आणि पुढे म्हणाले, "पण यापुढे दोर तू धरायचा नाहीस. दुसरा माणूस धरेल." मी हो म्हणालो. 

तिथून उठून तसाच लालसूच्या गावी गेलो. दोन्ही दोरांचे दोन-दोन हात लांब तुकडे बरोबर घेतले होते. पुजारी, चार म्हातारे आणि लालसू झाडाखाली बसले होते. मी "जोहार" केला आणि लालसूला म्हटलं, "लालसू, तू सोताच पाह्य. हा पांढरा, यावर जैनीबाईनं दोन साल दारू टाकली. हा काळा, याले मी काढा पाजला." फांदीला दोन्ही तुकडे बांधले आणि त्यानं स्वतःच्या हातांनी काळ्याला धोंडा टांगला. सोडायची खोटी, तुकडा तुटला आणि धोंडा धप्पदिशी खाली. तोच धोंडा पांढऱ्याला टांगला. तो लोंबकळत राहिला, हलेना की डुलेना. म्हाताऱ्यांनी तो हातानं झोके देऊन पाहिला. मी म्हणालो, "देवानं काई नाकारलं नाई. तुमची धार चांगली होती. दोर माह्या हातानं मेला. आन् मले समजलं तरी जैनीबाईसमोर मी बोललो नाई."  लालसू उठला, घरात गेला, आणि आढ्याची हत्यारं काढून अंगणात मांडायला लागला. जैनी दारात उभी होती, ती माझ्याकडे न बघता त्याला दोऱ्या सोडवून देत होती.

दोन दिवसांनी पुन्हा काम सुरू झालं. नवा दोर आला होता. झाडाजवळ एक खलाशी उभा केला होता, मी बाजूला पिशव्यांपाशी. लालसू काठाशी आला, खलाशाकडे पाहिलं, आणि खाली बसलाच नाही.

साहेब म्हणाले, "का रे?"

"कवडू कुठी हाये?"

"तो आता दोर धरत नाही."

"मंग मी उतरत नाई, साहेब."

साहेब चिडले. "अरे, त्याच्याच चुकीनं तू मरत होतास ना!"

लालसू सावकाश म्हणाला, "आमच्यात मधाले जो उतरते, त्याचा दोर त्याच्या बायकोचा भाऊ धरते. आपली बहीण उघडी पडन म्हणून तो मेला तरी सोडत नाई. जैनीले भाऊ नाई. तिनं यालेच भाऊ केला. पह्यल्याच दिवशी केला. भाऊ करायची धार असते ती, देवाची नाई नुसती. चूक त्याच्या पिंपानं केली. हात तर पाह्य ना त्याचे, साहेब!"

मी तिथंच पिशव्यांवर बसून राहिलो. दोन हंगाम ती बाई माझ्या हातांवर मोहाची धरून मला भाऊ करत होती, आणि मी रोज ओल्या फडक्यानं ते नातं पुसून टाकत होतो. वर तंबूसमोर तिची टर उडवत होतो. मला सख्खी बहीण नाही. असती तर तिनंही एवढा धीर धरला नसता.

साहेबांनी माझ्या हातांकडे पाहिलं, मग खलाशाला त्यांनी हातानंच बाजूला व्हायला सांगितलं. मी झाडापाशी गेलो. पट्ट्या काढून टाकल्या. जैनी द्रोण घेऊन पुढे आली. मी ओंजळ केली. कच्च्या कातडीवर दारू पडली तशी अशी आग झाली की डोळ्यांतून पाणी आलं, ते मी आगीचंच आहे असं सगळ्यांना भासवलं. तिनं माझ्या कमरेचं फडकं ओढून काढलं आणि स्वतःच्या खांद्यावर टाकलं.

"आता पुसू नको, दादा," ती म्हणाली.

मी दोर हातात घेतला. लालसू काठावर बसला, एकदा खाली पाहिलं, आणि म्हणाला, "ढिल्ला."